चकचककाकांची ऊबपेटी

चकचककाकांच्या घरात पाऊल टाकताना लोक दाराची चौकट धरायचे. पोस्टमन तर आत यायचाच नाही. उंबऱ्याबाहेरून पाकीट सरकवायचा, आणि ते पाकीट आपलं आपण खोली ओलांडून थेट दिवाणाखाली जाऊन थांबायचं. शेजारचं मांजर एकदा उंदरामागे आत शिरलं होतं. उंदीर वळला, मांजराला काही वळता आलं नाही; ते समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. तेव्हापासून ते त्या घराला कुंपणावरून वळसा घालून जातं, आणि जाताना आत बघतसुद्धा नाही.

ती जमीन लाकडी होती, आणि काकांच्या हातची होती.

काकांचा धंदा पॉलिशचा. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये भिजवायचे, मऊ कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि लाकडावर हात फिरवत राहायचं. कुठवर? तर आपलं नाक त्यात दिसेपर्यंत, आणि नाक दिसल्यावर नाकातले केस दिसेपर्यंत. कपाटं, मेजं, पाळणे, जिन्यांचे कठडे, काहीही त्यांच्याकडे यायचं आणि आरसा होऊन परत जायचं. माणूस बोलायला तिखट, कामाला चोख आणि धुळीचा कट्टर वैरी. ओल्या पॉलिशवर भुशाचा एक कण येऊन बसला तर काका दोन-दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. शेजारच्या सुताराशी त्यांचं जन्मात जमलं नाही ते एवढ्यासाठीच: सुतार रंधा मारायचा आणि वारा काकांच्या बाजूला वाहायचा. यात सुताराचा काय दोष, असं त्यांना विचारायची सोय नव्हती.

गावातली जुनी नाचशाळा पाडली तेव्हा तिच्या जमिनीच्या फळ्या काकांनी हातगाडीवर घालून घरी आणल्या. स्वतः बसवल्या, स्वतः घासल्या, आणि मग दर वर्षी एक हात चढवत चढवत दिवाणखान्याचं तळं करून ठेवलं. सकाळी पूर्वेची खिडकी त्यात अख्खी उतरायची, पडद्याच्या झालरीसकट. काका चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे आणि बघत बसायचे. लग्नाच्या बायकोकडे कुणी इतकं बघत नाही.

ही लग्नाची बायको, म्हणजे काकू, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून अख्खी नोकरी इकडची तार तिकडे जोडण्यात गेली. पलीकडे कुणी नुसता श्वास घेतला तरी कोण आहे, आणि भांडून बोलणार आहे की रडून, हे त्यांना कळायचं. वाजणारा फोन कुणी उचलत नसेल तर त्या हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. मग तो शेजाऱ्यांच्या घरातला का असेना. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, काकू निवृत्त झाल्या, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. मागच्या शेडमध्ये काका कुठल्या नंबरच्या पॉलिशपेपरने घासताहेत, हे त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या, आणि ते बरोबर असायचं. काकांना याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

आणि मग काकू पडल्या. त्याच जमिनीवर. हातात फुलदाणी होती आणि पायाखाली पायपुसणं. ते पायपुसणं त्यांना घेऊनच निघालं. मांडीचं हाड मोडलं. दवाखाना, ऑपरेशन, सळई, सगळं यथासांग पार पडलं. हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाले, "आता चाला."

काकू चालत नव्हत्या. म्हणजे व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, तिच्यासमोर वॉकर धरून पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत जायच्या. निजायच्या खोलीत साधी फरशी होती. दारापलीकडे दिवाणखाना. दाराशी आल्या की वॉकर वळवायचा आणि परत. न्हाणीघर खोलीला लागून होतं, जेवण पलंगावर यायचं, त्यामुळे अडत काहीच नव्हतं. तेच वाईट होतं.

काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पायपुसण्यामुळे पडली." काकू त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. जमिनीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. एरवी चहात साखर कमी पडली तरी तो विषय दिवसभर पुरवणारी बाई मोडलेल्या हाडाबद्दल गप्प बसते, तेव्हा नवऱ्याने काय समजायचं ते समजावं. काका समजले होते. पण समजणं निराळं आणि तोंडाने म्हणणं निराळं. ते दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

तशात लेकीचा फोन आला.

"बाबा, हा नाही, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. आईला काही दिवस माझ्याकडे नेते."

"काही दिवस म्हणजे?"

"चालायला लागेपर्यंत."

"आणि नाही लागली तर?"

"तुम्हीपण या ना, बाबा. जागा आहे की इथे."

जागा होती, पॉलिशच्या वासाने शिंका येणारा जावईही होता. शेड, बोळे, बाटल्या, गिऱ्हाइकं, हे सगळं टाकून काका जाणार नव्हते, हे लेकीला ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं, आणि काकांना तर होतंच. म्हणजे दोघं दोन गावी. इतक्या वर्षांचं भांडायला हाताशी असलेलं माणूस असं गाडीत बसून निघून जाणार. मग पुढे भांडायचं कुणाशी? सुताराशी?

काका विचार करायला लागले. सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. काकूंना पलंगावरून उठवेल असं काय आहे? तेव्हा त्यांना आठवलं की काकूंच्या माहेरी कोंबड्या असायच्या, आणि पिल्लं निघाली की पोरगी शाळेचं दप्तर वाटेतच टाकून पळत सुटायची. ही गोष्ट काकूंनी त्यांना इतक्या वेळा सांगितली होती की त्यांनी ती कधीच नीट ऐकली नव्हती. आता ती उपयोगी पडली.

कोपऱ्यावर अंडीवाली होती. तिच्याकडे पिल्लांची नवी पाटी आली होती.

"नऊ द्या," काका म्हणाले.

"काका, तुम्ही?" अंडीवालीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यांना आई नाही हं. यंत्रातून निघालीत. दिव्याची ऊब द्यावी लागते. ब्रूडर लागतो."

"पेटीच ना? जन्म गेला माझा पेट्यांमध्ये."

"आणि खाली भुसा घाला. नाहीतर निदान गोणपाट तरी."

काकांनी मान हलवली. ही मान 'हो'ची नव्हती, हे अंडीवालीला कळलं नाही. भुसा! स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात! आणि गोणपाटाचं तर नावच नको. त्याचे धागे सुटतात आणि तूस उडतं.

एका मोठ्या कपाटाचा खालचा खण त्यांच्या शेडमध्ये पडून होता. कपाटाचा मालक गाव सोडून गेला होता आणि खण तेवढा मागे राहिला होता. खोल, लांबरुंद, उत्तम लाकूड. त्याच्या एका टोकावर काकांनी लोखंडी दांडी बसवली. दांडीला साखळी, साखळीला आकडा, आकड्याला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा, आणि डब्याच्या आत बल्ब. साखळीची कडी वरखाली केली की दिवा वरखाली. दुसरं टोक दिव्यापासून लांब, पिल्लाला उकडलं तर तिकडे सरकायला. वर जाळीचं झाकण. अक्कल होती त्या पेटीत, कुणीही मान्य केलं असतं. आणि मग, हात थांबेना म्हणून, आतून तळाला तीन हात पॉलिश, नीट वाळल्यावर वरून मेण. फडक्याच्या एका फटकाऱ्यात घाण साफ व्हावी, असा हिशेब.

पेटी कुठे ठेवायची हा खरा डाव होता. ती त्यांनी ठेवली स्वयंपाकघरात. पिल्लं स्वयंपाकघरात, काकू निजायच्या खोलीत, मधे दिवाणखाना. चिवचिव कानावर पडली की काकू आपसूक उठून येतील. माहेरी दप्तर टाकून पळायच्या तशा.

पिल्लं पेटीत सोडली आणि घरात एकच कालवा सुरू झाला.

"अहो," पलंगावरून आवाज आला. "पिल्लं आणलीत?"

"काय आणलंय ते येऊन बघ."

"कोंबडीची आहेत. आठ की नऊ?"

"नऊ," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

"गारठलीयेत. दिवा खाली घ्या."

"तुला तिथून काय दिसतंय?"

"दिसायला कशाला हवं? किंचाळताहेत नुसती. खाली घ्या म्हणते ना!"

काकांनी साखळी दोन कड्या खाली सोडली. थोड्या वेळाने किंचाळणं थांबलं आणि बायका हळदीकुंकवाला जमल्यासारखी हलकी कुजबुज सुरू झाली.

"हं," काकू म्हणाल्या. "आता बरोबर."

दुपारी पुन्हा हाक. "अहो, गप्प का झाली ती?"

"झोपली असतील."

"झोपेत कुजबुजतात. ही गप्प आहेत. उकडतंय त्यांना."

काकांनी पाहिलं तर पिल्लं लांबच्या कोपऱ्यात चोची वासून, पंख पसरून बसलेली. एक कडी वर.

"पाणी दाखवलंत?"

"समोर ठेवलंय."

"त्यांना काय ठाऊक ते पाणी आहे म्हणून? एकेकाची चोच बुडवा. आणि ताटलीत खडे टाका, नाहीतर त्यातच बुडतील."

"मग तूच ये आणि दाखव."

"इकडे आणा, दाखवते."

"पेटी जड आहे."

"एक पिल्लू जड आहे?"

"मधे गारठेल ते."

"मग राहू द्या तिथेच. मला ऐकू येतंय."

डाव असा अंगाशी आला. जी बाई कानाने बघते तिला पायाने यायची गरजच काय? काकू उशीला टेकून तिथून अख्खी पेटी चालवायला लागल्या. एक्स्चेंजमध्ये होता तसाच त्यांचा आवाज झाला, तुटक आणि खणखणीत, आणि काका ऑफिसातला शिपाई झाल्यासारखे दिवाणखान्यातून या टोकाला त्या टोकाला सुळसुळत राहिले. त्या जमिनीवर पळता येणारे ते एकटेच होते. एका पिल्लाचं बूड घाणीने चिकटलं, तर काकूंच्या हुकमाने कोमट पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन काकांनी ते पुसलं. इतकं निगुतीने पुसलं की अजून थोडं राहिलं असतं तर त्यात तोंड दिसलं असतं.

काकू हसायला लागल्या होत्या, हे मात्र खरं. पण दाराशी आल्या की वॉकर अजून वळतच होता. रविवार जवळ येत होता.

मग एके सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, त्यातलं एक खालून ओरडतंय."

"खालून म्हणजे?"

"उभं राहून ओरडत नाहीये. काय झालंय त्याला?"

काकांनी झाकण उघडलं. एक पिल्लू पोटावर पडलं होतं, दोन्ही पाय दोन बाजूंना, उघडून ठेवलेल्या कात्रीसारखे. त्यांनी त्याला उचलून उभं केलं. पाय पुन्हा सावकाश दोन बाजूंना निघून गेले.

"पाय फाकलेत त्याचे. जन्माचंच अधू असणार."

"आणि बाकीची?"

"बाकीची चालतात," काका म्हणाले, आणि मग त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "म्हणजे, जरा घसरतात."

"खाली काय घातलंय?"

"कशाच्या खाली?"

"पिल्लांच्या, पिल्लांच्या!"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"नुसतं लाकूड?"

"नुसतं कसं असेल?" काका दुखावले. "तीन हात दिलेत. वर मेण. चेहरा दिसतो त्यात."

पलंग करकरला. काका घाबरून धावले. काकू हसत होत्या. उशी पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी काढून, श्वास अडकेपर्यंत हसत होत्या. "चेहरा!" त्या म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. "अहो, पिल्लांना काय चेहरा बघायचा होता? भांग पाडायचाय त्यांना?"

काकाही थोडे हसले. हसण्यासारखं होतं. मग काकूंचं हसणं ओसरलं. उघड्या दारातून दिवाणखाना दिसत होता, आणि जमिनीत खिडकी.

"बिचारी," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "त्यांना वाटत असेल, आपल्यातच काहीतरी खोट आहे."

काकांनी जमिनीतल्या त्या खिडकीकडे पाहिलं. ते दाराशी तसेच उभे राहिले.

"उभे काय राहिलात? पेटीत गोणपाट ठोका, घट्ट. ते पिल्लू इकडे आणा. आणि माझा मलमपट्टीचा डबा द्या."

काकूंनी मऊ चिकटपट्टीची अरुंद चिंधी कापली, एका पायाला वेढा दिला, मधे एवढंसं अंतर सोडून दुसऱ्या पायाला. पाय पोटाखाली आले. माहेरी त्यांची आजी असंच लोकरीच्या धाग्याने बांधायची. पिल्लू चादरीवर ठेवलं. ते डुललं, पडलं, पुन्हा उठलं आणि काकूंच्या गुडघ्याच्या डोंगराकडे बघत उभं राहिलं.

"राहील?" काकांनी विचारलं.

"राहील. लवकर कळलंय. पण खाली नखं रुतवायला काही असेल तरच. पट्टी नुसती काय करणार?"

बाकीच्यांनी त्याला टोचू नये म्हणून ते काकूंच्या खोलीतच राहिलं, चपलांच्या खोक्यात, गरम पाण्याच्या पिशवीला टेकून. दुपारी काकांनी पेटीत गोणपाट ठोकलं. आठही पिल्लं त्यावरून अशी धावली की जणू त्यांना आज पाय फुटले.

उरलेलं गोणपाट हातात घेऊन काका दिवाणखान्यात आले आणि ते त्यांनी अंथरलं.

"काय अंथरताय?"

"गोणपाट. तुला यायला."

"नको. त्याच्यासकट जाईन मी."

खरं होतं. पॉलिशवर टाकलेली वस्तू पॉलिशचीच होते. ते पायपुसणं हेच तर सांगून गेलं होतं. काकांनी गोणपाट गुंडाळलं. शेडमध्ये गेले. परत आले ते जाड दाण्याचा पॉलिशपेपर घेऊन. निजायच्या खोलीच्या दाराशी गुडघ्यांवर बसले, जमिनीकडे एकदा पाहिलं, आणि घासायला सुरुवात केली.

आधी त्यांनी लाकडाच्या रेषेबरोबर घासलं, हात आपोआप तसाच गेला. पाय ठेवून पाहिला. चमक गेली होती, पण पाय धरत नव्हता. धरायचा तर रेषेला आडवं घासायला हवं. आणि रेषेला आडवं घासायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. शिकत असताना एकदाच ते तसं घासले होते, तेव्हा उस्तादाने लाकडी ठोकळ्याने बोटं सडकली होती. त्यानंतर हाताने कधी ती चूक केली नव्हती.

काकांनी कागद फिरवून धरला.

"अहो," आतून आवाज आला.

"काय?"

"साठ नंबर आहे तो."

"हं."

खर्र, खर्र, खर्र.

"अहो, आडवं घासताय."

"हं."

काकांचा कागद चालूच राहिला. मग काकूंनी हळूच विचारलं, "चुकून?"

"नाही," काका म्हणाले.

त्यावर त्यांच्यात याहून जास्त बोलणं झालं नाही. झालं ते पुष्कळ होतं.

पट्टा वॉकर मावेल एवढा रुंद, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. धूळ इतकी उठली की काकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दारं उघडी होती आणि वारा नेमका उलटा फिरला होता. सुतार कुंपणापाशी येऊन आत डोकावला.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"का? काय झालं?"

"नाही, आज तुमची धूळ माझ्याकडे येतेय."

"येऊ दे की! इतकी वर्षं मी घेतली, एक दिवस तू घे." आणि शिंकत शिंकत काका पुढे सरकले.

पट्टा तयार झाला. तळ्याच्या मधून कुणी मातीची पायवाट टाकावी तसा दिसत होता. कुरूप म्हणजे किती कुरूप! काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून म्हणाले, "हं. ये आता."

काकू दाराशी आल्या. वॉकरचे पुढचे पाय पट्ट्यावर टेकवले. उभ्या राहिल्या. कपाळावर घाम आला. मग वॉकर मागे घेतला. "उद्या बघू," त्या म्हणाल्या, आणि काकांकडे न बघता वळल्या.

दुसऱ्या दिवशीही 'उद्या बघू'च झालं. काका चिडले. जमीन गेली ती गेली, वर हे! जेवणाची ताटली त्यांनी जरा आवाज करून ठेवली. काकूही जरा आवाज करून जेवल्या. भीती नुसती पायाखालच्या लाकडात असती तर एका कागदाने निघाली असती. ती अंगात मुरली होती, आणि तिथे घासायचं कशाने, हे काकांना माहीत नव्हतं. काकूंची बॅग मात्र भरली गेली. पलंगाच्या पायथ्याशी ती उभी होती, आणि दोघंही ती नसल्यासारखे वागत होते.

रविवारी सकाळी पिल्लांचा भरडा संपला म्हणून काका अंडीवालीकडे गेले. पिशवी घेऊन परत येतात तो फाटकाशी लेकीची गाडी.

"इतक्या लवकर?" काका म्हणाले.

"उन्हाच्या आत निघू म्हटलं. आई तयार आहे?"

"तुझी आई तयार नसते कधी?"

"बाबा, तोंड नका पाडू. महिन्याभराचा प्रश्न आहे."

काकांनी दार ढकललं आणि ते उंबऱ्यातच थांबले. मागून येणारी लेक त्यांच्या पाठीवर आपटली. "अहो बाबा, काय—" काकांनी मागे हात करून तिचं मनगट धरलं. घट्ट.

आत कालवा चालला होता. अधू पिल्लाची पट्टी काकूंनी सकाळीच काढली असावी. पाय धड झाल्यावर त्याला खोक्यातलं एकटेपण सहन होईना. ते निजायच्या खोलीतून जिवाच्या आकांताने ओरडत होतं, स्वयंपाकघरातून आठ जण त्याला उत्तर देत होते, आणि मधे कुणीच नव्हतं. म्हणजे इतका वेळ नव्हतं. आता दारात काकू होत्या. वॉकरला त्यांनी बाजाराची पिशवी अडकवली होती आणि आवाज त्या पिशवीतून येत होता.

"थांब, थांब," काकू पिशवीला सांगत होत्या, त्याच जुन्या खणखणीत आवाजात. "ओरडू नकोस. जोडून देते. लाइनवर राहा."

वॉकर पुढे टेकला. उजवा पाय. डावा पाय. पट्ट्यावर पावलाचा खरखर आवाज आला. त्या घरात असा आवाज याआधी कधी आलाच नव्हता. काकू थबकल्या, तो ऐकला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. पुन्हा वॉकर. पिशवीतून किंचाळी. स्वयंपाकघरातून आठ किंचाळ्या.

"येतेय ना! एकेक बोला रे!"

भरड्याची पिशवी काकांच्या हातात तिरकी झाली होती आणि दाणे उंबऱ्यावर सांडत होते. दिवाणखान्याच्या मध्यावर काकू आल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "दार उघडं टाकून उभे राहू नका दोघं. वारा शिरतोय, पिल्लांना लागेल."

"आई!" लेकीने मनगट सोडवलं आणि धावली. सरळ, आईच्या दिशेने, जवळच्या रस्त्याने.

जवळचा रस्ता पॉलिशचा होता. लेकीचे पाय पुढे गेले, बाकीची लेक मागे राहिली, आणि मग ती सगळी मिळून बुडावर आली आणि बसल्या बसल्या थेट दिवाणापर्यंत पोचली. पोस्टमनच्या पाकिटासारखी.

"पट्ट्यावरून चालावं माणसाने," काकू म्हणाल्या. "लागलं नाही ना?"

"नाही," लेक खालूनच म्हणाली. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने दोन्ही केलं.

काकू थांबल्या नाहीत. स्वयंपाकघरात पोचल्या, स्टुलावर बसल्या, पिशवीतलं पिल्लू काढून पेटीत सोडलं. ते गोणपाटावर दोन पावलं डुलत गेलं, आठांच्या गर्दीत घुसलं, आणि नक्की कोणतं ते, हे पुन्हा कुणाला सांगता आलं नाही. किंचाळ्या थांबल्या. हलकी कुजबुज सुरू झाली.

"लागला फोन," काकू म्हणाल्या, आणि मग पदराने तोंड पुसत पेटीवरचा दिवा, साखळी, आकडा, डबा, सगळं नीट बघितलं. इतके दिवस त्यांनी ती पेटी ऐकली होती. पाहत होत्या आज. "पेटी मात्र छान केलीत हं."

काका उंबऱ्यावर वाकले. त्यांना भरडा वेचायचा होता.

लेक चहा पिऊन, जेवून, कंबर शेकून संध्याकाळी एकटीच परत गेली. बॅग तिने स्वतः उघडून कपडे कपाटात ठेवले. "तुमचं दोघांचं काही कळत नाही मला," एवढंच म्हणाली, आणि पट्ट्यावरून एकामागे एक पाऊल टाकत, आणि पट्टा संपल्यावर भिंत धरत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जाड कागदाचा गठ्ठा घेऊन दिवाणखान्यात बसले. आता एक पट्टा काय आणि अख्खी खोली काय. बिघडवायची तर पुरती बिघडवू.

आतून वॉकर आला, त्यामागून काकू.

"काय करताय?"

"उरलेली घासून टाकतो."

"हात लावू नका."

"अगं, पण पुन्हा कधी—"

"माझा रस्ता झालाय ना? बास झालं." काकू पट्ट्याच्या मधोमध थांबल्या आणि खाली बघायला लागल्या. डाव्या हाताला, तळ्यात, पूर्वेची खिडकी अख्खी उतरली होती, झालरीसकट. "इतके महिने पलंगावरून हीच तर बघत होते सकाळची."

काकांनी गठ्ठा खाली ठेवला. तो घसरत दिवाणाखाली गेला. स्वयंपाकघरात पिल्लं एकदम गप्प झाली.

"उकडतंय त्यांना," काका म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या. "बसा तुम्ही. मी घेते वर."